पाचवीच्या वर्गातली खुर्ची

विहीणबाई आल्या त्या दिवशी माझ्या तोंडून ‘या बाई’ असं निघून गेलं आणि मग ते तसंच राहिलं. त्या नागपूरला शाळेत भूगोल आणि इतिहास शिकवायच्या, आता निवृत्त झाल्या आहेत. लग्नात मी त्यांना विहीणबाईच म्हणत होते. पण इथे दारात त्या बॅग घेऊन उभ्या राहिल्या, चष्मा जरा खाली घेऊन त्यांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, आणि वर्गात शिरल्या शिरल्या आमच्या बाई बघायच्या तशीच ती नजर होती. त्यांनी मला दुरुस्त केलं नाही. त्या मला ताई म्हणतात. वयानं आम्ही सारख्याच असू.

त्या लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. मी इथे मुलाकडे नातीच्या जन्मापासून आहे. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेमधलं हे घर मुलानं घेतलं तेव्हा नात रांगत होती. मुलगा आणि सून दोघंही ऑफिसात जातात, त्यामुळे दिवसाचं घर माझं आणि दुपारची नात माझी, असं मी धरून चालले होते.

दुपारी मी कोपऱ्यावर मुलाचं जुनं जॅकेट घालून उभी राहायची. नातीच्या शाळेची पिवळी बस यायची. घरी आल्यावर तव्यावरची पोळी, तूप-साखर लावून गुंडाळलेली, ती उभ्यानंच खायची आणि मग शाळा-शाळा खेळायची. ती शिक्षिका आणि मी विद्यार्थिनी. मला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसवायची, फ्रिजवरच्या पांढऱ्या फळीवर जगाचा नकाशा काढायची आणि खंडांची नावं विचारायची. मला ती येत नव्हती, हे तिला फार आवडायचं. मी चुकले की ती मान हलवून म्हणायची, “आजी, ट्राय अगेन.” मी पुन्हा चुकायची. कधी कधी मुद्दाम, पण बहुतेक वेळा खरंच.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या गावची शाळाच चौथीपर्यंत होती. तिसरीला जिल्ह्याचा नकाशा होता, चौथीला महाराष्ट्राचा, आणि पाचवीला भारत येणार होता. पाचवीसाठी नाल्यापलीकडच्या गावात जावं लागायचं. मोठा भाऊ जात होताच. मला धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी ठेवलं. कुणी काही वाईट केलं असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. पण भाऊ संध्याकाळी ओट्यावर बसून भारताचा नकाशा काढायचा तेव्हा मी बहिणीला कडेवर घेऊन त्याच्या समोर उभी राहायची. मला तो नकाशा कायम उलटा दिसला. आणि भावाचा मला इतका राग यायचा की त्याच्या ताटात मी भाजी कमी वाढायची.

यंदा नात पाचवीत गेली. इथल्या पाचवीत आधी नकाशा कसा वाचायचा ते शिकवतात. उत्तर वर, दक्षिण खाली, कोपऱ्यात दिशांचं फूल, कुठल्या खुणेचा काय अर्थ ते सांगणारी चौकट, आणि कागदावरचं बोटभर अंतर जमिनीवर किती ते सांगणारी पट्टी. त्यानंतर अमेरिकेच्या तेरा वसाहती. इंग्लंडहून माणसं जहाजांतून आली, समुद्राकाठी उतरली आणि वरपासून खालपर्यंत एकेक वसाहत वसवत गेली. हे मी तिच्या तोंडून ऐकणार होते, पायरीवर बसून. तेवढ्यात बाई आल्या.

बाईंना फळीची गरज नव्हती. त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि हातानंच किनारा काढला, वर मेनपासून खाली जॉर्जियापर्यंत, मध्ये एकदाही न थांबता. नात बघत राहिली. “हाऊ डिड यू डू दॅट?” असं तिनं विचारलं तेव्हा मी ओट्यापाशी कणीक मळत होते. ओटा टेबलाच्या समोर आहे. मला नकाशा उलटाच दिसत होता.

त्या आठवड्यापासून शाळा-शाळा बंद झाली. बस आली की नात दप्तर टाकून टेबलाशी. पोळी बशीत, तीही अर्धी गार. बाई पट्टीनं कागदावर टकटक करायच्या आणि म्हणायच्या, “हं, पुढे?” आणि ही पोर, जी माझ्याशी कधी दोन वाक्यं धड मराठीत बोलत नाही, ती त्यांना मराठीत उत्तरं द्यायची. उत्तरेकडच्या वसाहतींत जमीन खडकाळ, म्हणून लोक मासे पकडायचे आणि जहाजं बांधायचे. दक्षिणेत उन्हाळा लांब, म्हणून तंबाखू आणि भात, आणि शेतात राबायला आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं. मधल्या वसाहतींत गहू. आपलं न्यू जर्सी मधल्यांत. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची. न ऐकण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण पोळ्या लाटताना कान मोकळेच असतात.

मग नातीनं त्यांना नाव ठेवलं, टीचर आजी. मी आजीच राहिले. आजी म्हणजे नुसती आजी, पुढे काही नाही.

एकदा बाई तिला सांगत होत्या की गोरे लोक यायच्या आधी इथे दुसरी माणसं राहत होती. त्यांना ही जागा पायवाटांसकट ठाऊक होती. मग बाहेरून आलेल्यांनी कागदावर रेघा ओढल्या आणि हे आमचं, ते तुमचं असं ठरवलं. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. मी आधीची, या नंतर उतरलेल्या. टेबल त्यांचं, ओटा माझा. मग वाटलं, मीही विमानानंच आले होते. पण तो विचार मी फार वेळ ठेवला नाही.

बाई वाईट असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या माझ्या भाजीचं कौतुक करायच्या, सकाळी बुद्धवंदनेला माझ्याशेजारी बसायच्या, भांडी पुसायला पदर खोचून यायच्या. मी त्यांच्या हातातून फडकं काढून घ्यायची. “राहू द्या बाई, तुम्हाला सवय नाही.” त्यांच्या घरी पोळ्यांना बाई येते, हे मला सुनेनं सांगितलं होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला शाळेनं एक कार्यक्रम ठरवला. त्या दिवशी मुलांनी वसाहतीच्या काळातले कपडे घालायचे, आपण केलेला नकाशा टेबलावर मांडायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना समजावून सांगायचा. प्रत्येक मुलासोबत घरचं एक मोठं माणूस चालेल. वर्गात एका टेबलाला दोनच खुर्च्या, एक मुलाची, एक त्या माणसाची. मुलाला आणि सुनेला सुटी नव्हती. सून जेवताना म्हणाली, “मम्मी किंवा आई, कुणीतरी जा.” आणि भाजी वाढून घेतली, जणू काहीच म्हणाली नव्हती.

मी ताटात बघत होते. मला त्या वर्गात जायचं होतं. मला कधी कुठे जायचं असतं असं या घरात कुणाला माहीत नाही, कारण मी सांगत नाही. देवळांत, विहारांत, आयसेलिनच्या साड्यांच्या दुकानांत, जिथे नेतात तिथे मी जाते. पण पाचवीचा वर्ग मी आतून कधी पाहिलेला नव्हता. बाईंनी जन्मभर पाहिला होता. त्यांना आणखी एक वर्ग बघून काय मिळणार होतं?

नात म्हणाली, “लेट्स सी. मॅप कोण करतंय त्यावर.” आणि बाईंनी हसून मान डोलावली.

पण नकाशा कणकेचा करायचा होता. शाळेतून कागद आला होता. पीठ, मीठ आणि पाणी मळून त्याचा गोळा करायचा, पुठ्ठ्यावर थापायचा, डोंगर उंच करायचे, नद्या कोरायच्या, वाळवायचं आणि रंगवायचं. हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही. मी परात काढली. बाई म्हणाल्या, “मी मळते, शाळेत कागदाच्या लगद्याचे करायचो आम्ही.” मी म्हटलं, “लगदा वेगळा, कणीक वेगळी.” इतकं तिखट मी त्यांना पहिल्यांदाच बोलले असेन.

नात कागद हातात धरून उभी होती. “आजी, वन कप सॉल्ट लिहिलंय.” दोन वाट्या पिठाला वाटीभर मीठ? मी वाटी हातात घेतली, मीठ भरलं, आणि माझा हात परातीवर गेलाच नाही. अन्नात कुणी एवढं मीठ घालतं का? ही काही खायची कणीक नाही, हे मला कळत होतं. पण हाताला ते पटेना. मी चिमूटभर घातलं. मग नेहमीसारखं तेल सोडलं, मऊ मळली आणि ओल्या फडक्याखाली मुरायला ठेवली. इतकी सुंदर कणीक झाली होती. नातीनं बोट दाबून पाहिलं आणि ते हळूच वर आलं. “सो सॉफ्ट,” म्हणाली. मी बाईंकडे पाहिलं.

संध्याकाळी बाईंनी पुठ्ठ्यावर रेघ काढली आणि त्यांनी नि नातीनं मिळून माझी कणीक थापली. पश्चिमेला ॲपलेशियन डोंगरांची रांग केली. बाई सांगत होत्या की हे डोंगर आडवे आले म्हणून वसाहती बरीच वर्षं समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या पट्टीतच राहिल्या. त्यांनी काडीनं हडसन नदी कोरली, डेलावेअर नदी कोरली. माझ्या कणकेत त्यांच्या नद्या. मी पुठ्ठा उचलून हीटरच्या जाळीजवळ वाळायला ठेवला.

वाळला नाही. दुसऱ्या दिवशी डोंगर बसले. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर तेलाचा डाग पसरला आणि अटलांटिक समुद्र पिवळा झाला. मॅसॅच्युसेट्स फुगून वर आलं, नद्या बुजल्या आणि सगळ्या खोलीत आंबूस वास यायला लागला. व्हर्जिनियावर काळे ठिपके आले. नात शाळेतून आली, पुठ्ठ्यापाशी गुडघ्यांवर बसली आणि रडायला लागली. रडता रडता म्हणाली, “आजीनं सॉल्ट घातलंच नाही.”

बाई वाकल्या, डोंगरावर बोट टेकवलं, बोट चोळून पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं, मीठ आणि तेलसुद्धा. मी वाट बघत होते. त्यांनी काही बोलावं अशी माझी इच्छा होती, म्हणजे मला काहीतरी परत बोलता आलं असतं. त्या नातीला म्हणाल्या, “अगं, चूक माझी. मी समोर होते, मी बघायला हवं होतं.”

माझी चूकसुद्धा त्यांनी घेतली. त्या रात्री मी जेवले नाही, पोट बिघडलंय असं सांगितलं.

दुसऱ्या नकाशाची कणीकही मीच मळली, पण बाई शेजारी उभ्या होत्या. मैदा आणि मीठ, मिठाची वाटी त्यांनी स्वतः ओतली. मीठ मळताना हाताच्या चिरांत झोंबत होतं. त्या म्हणाल्या, “घट्ट, ताई, आणखी घट्ट.” मला कणीक कशी मळायची हे कुणी सांगावं, आणि ते बरोबर असावं! गोळा दगडासारखा झाला. त्यावर डोंगर उभे राहिले आणि उभेच राहिले. वाळून पांढराशुभ्र झाला. नातीनं समुद्र निळा केला, मधल्या वसाहतींना पिवळा रंग दिला आणि न्यू जर्सीवर गव्हाची एक इवलीशी ओंबी काढली.

आता प्रश्नच उरला नव्हता. मी मनातल्या मनात तो दिवस सोडून दिला होता. त्या दिवशी थालीपिठं करायची असं ठरवून टाकलं होतं, म्हणजे घरात काहीतरी काम राहील.

शाळेला नाव कळवायची वेळ आली तेव्हा आम्ही सगळे जेवत होतो. नात म्हणाली, “आजी येईल.”

बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “कुठली आजी?”

नातीनं चमचा माझ्याकडे केला.

“का गं?” बाई हसत होत्या. “मी काय केलं?”

“टीचर आजी, तू सगळं सांगून टाकतेस. मिस मला विचारणार आणि तू आन्सर देणार. ही आजी काही बोलतच नाही. सो आय कॅन टॉक.”

मुलगा हसला, सून त्याला दटावायला गेली आणि तीही हसली. मला न बोलण्यासाठी निवडलं होतं. जिन्याच्या पायरीवर बसणारी, उत्तर न येणारी, अशी आजी हवी होती तिला. ते मला लागलं. पण लागलं त्याच्या कितीतरी आधी आनंद झाला होता, आणि तो काही केल्या जाईना. मी समोर पाहिलं. बाई “बरोबर आहे तिचं” म्हणाल्या, उरलेल्या पोळीची घडी केली, ताटाच्या कडेला ठेवली आणि मग खाल्लीच नाही. गेले दोन महिने मला जे होत होतं, ते मला त्यांच्या ताटात दिसलं. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही.

पुढचे दिवस बाई माझ्या मागे लागल्या. तेरा नावं तरी पाठ करा, कुणी काही विचारलं तर? ओट्यापाशी येऊन त्या क्रमानं म्हणायच्या आणि मी नळ सोडायची. शेवटी एकदा त्या वैतागल्या. “तुम्हाला काय, तिथे नुसतं बसायचंय.”

मी नळ बंद केला. “हो बाई. बसायचंच आहे मला.”

त्या टेबलाकडे वळल्या. काय समजल्या, मला माहीत नाही. मी समजावलं नाही.

त्या दिवशी मुलानं आम्हाला शाळेत सोडलं. नातीनं लांब झगा, पांढरं एप्रन आणि हनुवटीखाली नाडी बांधलेली टोपी घातली होती. मी माझी निळी साडी नेसले आणि वर कोट. नकाशा माझ्या मांडीवर होता.

वर्ग मी नीट पाहिला. भिंतीवर जगाचा नकाशा होता, सुलटा, माझ्याकडे तोंड करून. खिडकीत पृथ्वीचा गोल होता. खुर्च्या निळ्या, बुटक्या आणि पाठीला थंड. मी बसले तेव्हा गुडघे टेबलाला लागले. कोट काढून मी मांडीवर घेतला आणि हात टेबलाच्या कडेवर ठेवले. खाली लाकडाला कुणीतरी च्युइंगम चिकटवलेलं बोटाला लागलं. मी बोट तिथून काढलं नाही. शेजारच्या टेबलाशी टाय लावलेले एक गोरे आजोबा होते आणि पलीकडे एक चिनी आजी, माझ्यासारखीच गप्प. आम्ही एकमेकींना मान हलवली.

मग नात उभी राहिली. हातात लाकडी काडी. हा किनारा, हे डोंगर, ही न्यू इंग्लंडची खडकाळ जमीन, ही आपली, इथे गहू. इथे आधी लेनापी लोक राहायचे. शिक्षिका थांबून ऐकत होत्या, ते टायवाले आजोबाही उठून आले. नातीचा आवाज कुठेही अडखळला नाही. मी तिच्याकडे बघत होते. कौतुक होतं, नाही कसं? पण कौतुकाच्या खाली तेच होतं, जे भावाच्या नकाशासमोर उभं राहताना होतं. दहा वर्षांची माझी नात, मी जिला न्हाऊ घातलं, आणि मला तिचा हेवा वाटत होता. तिची काडी, तिची ती उभी राहण्याची तऱ्हा, ऐकायला थांबलेली मोठी माणसं.

शिक्षिकांनी तिला मधल्या वसाहती विचारल्या. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया. आणि मग ती थांबली. वर बघायला लागली, ओठ दाबले. काडी त्या नदीपाशी होती. आम्ही तीन माणसं वाट बघत होतो.

“डेलावेअर,” मी म्हणाले.

मी हळूच म्हटलं होतं, पण वर्गात ते मोठ्यानं वाजलं. शिक्षिका माझ्याकडे वळल्या आणि हसून काहीतरी बोलल्या. “व्हेरी गुड” एवढं मला समजलं. माझे कान गरम झाले. नात मात्र कमरेवर हात ठेवून, त्या टोपीसकट, माझ्याकडे रोखून बघत होती.

“आजी,” ती दातांतून म्हणाली, “आय न्यू दॅट.”

घरी आलो तेव्हा बाई दाराशीच होत्या. चहा केलेला होता, त्यांनी स्वतः. कसं झालं, असं त्यांनी नातीला विचारलं. नात बूट काढत होती. “ही आजीपण बोलली,” ती म्हणाली. “सगळ्यांसमोर.”

“काय बोलल्या?”

“डेलावेअर.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चष्म्यावरून. “बरोबर होतं?”

“हो, पण मला येत होतं ना.” आणि नातीनं टेबलावरचा नकाशा उचलला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि वर आपल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. पुढचा धडा आता ती स्वतःच वाचणार होती, मदत नको, असं तिनं आतून ओरडून सांगितलं.

आम्ही दोघी खाली राहिलो. बाईंनी चहा ओतला. साखर जास्त झाली होती, मी तसाच प्यायले. वर्ग कसा होता, असं त्यांनी विचारलं. खुर्च्या कशा, फळा कुठल्या बाजूला, मुलं किती. मी म्हटलं, चांगला होता. आणखी काही सांगितलं नाही. ते माझं होतं.

थोड्या वेळानं त्यांनी जिन्याकडे पाहून विचारलं, “पुढचा धडा कशावर आहे, काही म्हणाली का तुम्हाला?”

म्हणाली होती. गाडीत, रुसवा जरा उतरल्यावर. आता तेरा वसाहती राजाशी भांडणार होत्या, चहावरून आणि करावरून.

मी कप धुवायला घेतला. “नाही,” म्हटलं, “मला काही बोलली नाही.”